मतपेटी, मोबाईल आणि मुकादम



या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. आम्ही दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणिताने आम्हांला परत पाठवले. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या गेटावर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा ऑनलाइन मतदानाची सुरक्षितता आणि त्याचे लाभ हा विषय चालकांनी आमच्या गळ्यात का घातला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. आम्हांलाही पडला होता. चालक म्हणाले, संगणकाचे जाणकार पुष्कळ मिळतील. पण या मतदानात हात पोळून घेतलेला माणूस आमच्या माहितीत तुम्हीच आहात. गोष्ट खरी आहे. ती पोळण्याची हकीकत आम्ही सांगणारच आहोत. परंतु आधी लाभाची बाजू मांडतो, कारण ती बाजू खोटी नाही, आणि खोटी नसलेली बाजू दडपून भाषण करणे हे गेटमीटिंगला चालते, व्याख्यानमालेत चालू नये.

२०२४ साली नोव्हेंबरच्या २० तारखेला आपल्या राज्यात विधानसभेचे मतदान झाले. त्याच सुमारास उसाचा हंगाम उभा राहत होता. दिवाळी सरली की बीडकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात, हे तुम्हांला सांगायला नको. आपल्या गावाच्या वेशीवरूनच त्यांचे ट्रॅक्टर जातात. या माणसाचे नाव मतदारयादीत आहे गावी, आणि तो आहे फडात. त्याने मत द्यायचे म्हणजे कोयता खाली ठेवायचा, दोन दिवसांची मजुरी सोडायची आणि एसटीचे भाडे भरायचे. नाहीतर उमेदवाराने पाठवलेल्या गाडीत बसायचे. आणि त्या गाडीत बसलेला माणूस कोणाला मत देणार हे गाडी पाठवणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. बांधकामावरचा मजूर, बोटीवर गेलेला खलाशी, रात्रपाळीची परिचारिका, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, या सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने तीच आहे. घटनेने मत दिले आहे, पण ते जिथे ठेवले आहे तिथवर जाण्याची ऐपत दिलेली नाही.

हे सरकारदरबारी माहीत नाही असे नव्हे. सैनिकांना २०१६ पासून कोरी मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवली जाते. ती छापून, खूण करून ते टपालाने परत धाडतात. म्हणजे जाताना तारेने, येताना पाकिटातून. २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी एका यंत्राचा नमुना जाहीर केला. एकाच केंद्रावरून बहात्तर मतदारसंघांतील मतदार मत देऊ शकतील, आणि यंत्र इंटरनेटला जोडलेले नसेल, असे आयोगाचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात राजकीय पक्षांना बोलावले, पण विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते यंत्र अद्याप फडापर्यंत पोहोचलेले नाही. मजूर मात्र दरसाल पोहोचतो.

तेव्हा आमच्यातला कोणी तरुण उठून विचारतो, ‘दादा, फोनवरून पाच हजार रुपये गावी जातात, मग एक मत का जाऊ नये?’ त्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही. आम्हीही एकदा हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तराची वाट न पाहता निवडणूक उरकली होती.

ती हकीकत अशी. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट होती. जमावबंदी होती. आमच्या एका कारखान्यातील युनियनच्या कार्यकारिणीची मुदत संपली होती. निवडणूक लांबवावी तर विरोधक म्हणणार, खुर्चीला चिकटले. घ्यावी तर माणसे कुठे गोळा करायची? एका पुरवठादाराने मोबाईलवरच्या मतदानाची सोय करून देतो म्हणून सांगितले. नोंदवलेल्या क्रमांकावर ओटीपी येणार, तो टाकायचा, उमेदवारांच्या नावांवर बोट ठेवायचे, काम संपले. आमच्यातल्या दोघातिघांनी मान हलवली नाही. त्यांना आम्ही जुनाट म्हटले. आम्ही, म्हणजे आज तुमच्यासमोर उभे असलेले गृहस्थ.

मतदान झाले. पूर्वी कधी झाले नव्हते इतके झाले. बायाबापड्यांनी घरातून मते दिली, दोन आजारी सभासदांनी इस्पितळाच्या खाटेवरून दिली. आम्ही खुशीत होतो. निकाल लागला आणि आमचे पॅनेल एक्केचाळीस मतांनी निवडून आले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पॅनेलचे प्रमुख आमच्याकडे आले. नाव घेत नाही. टूलरूममध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत, आपणही मास्तरच म्हणू. वीस वर्षे आमच्याबरोबर एका सतरंजीवर बसलेला माणूस. ते म्हणाले, ‘मते मोजून दाखवा.’ आम्ही निकालाचा कागद पुढे केला. ‘हे तुम्ही सांगितले. आता मोजून दाखवा.’ आम्ही पुरवठादाराला फोन लावला. तो म्हणाला, यंत्रणा पूर्ण सुरक्षित आहे, तसा दाखला आहे. मास्तरांनी दाखला वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, ‘तीन वेळा मी पेटीसमोर बसून हरलो. तेव्हा मी काही विचारले का?’

खरेच त्यांनी कधी विचारले नव्हते. आणि आमच्याजवळ दाखवायला काही नव्हते.

याच्या पुढचे आणखी वाईट आहे. दोन महिन्यांनी कळले ते असे, की बाहेरगावच्या सत्तावन कंत्राटी कामगारांची सिमकार्डे कंत्राटदाराने स्वतः काढून दिली होती. मतदानाच्या दिवशी त्याचा मुकादम खोल्यांवर गेला, ‘तुम्हांला जमणार नाही, मी करून देतो’ म्हणाला, आणि फोन एका टोपलीत गोळा करून घेतले. सत्तावन फोन, सत्तावन ओटीपी, एक अंगठा. मुकादम पुढे शपथेवर सांगू लागला, की ती सगळी मते आम्ही तुमच्याच पॅनेलला दिली, साहेब, आता आमच्याकडे बघा. खरे की खोटे हे तपासण्याचे कोणतेही साधन नाही. फरक एक्केचाळीसचा आणि टोपलीत सत्तावन. आम्ही तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता. दिला नाही. पुरावा नाही असे म्हणत मुदत पुरी केली. मास्तर शंभरावर माणसे घेऊन निघून गेले, आणि पुढच्या पगारवाढीच्या बोलणीला व्यवस्थापनासमोर दोन टेबले लागली. त्या करारात कामगारांचे काय झाले ते सांगत बसत नाही.

या प्रकारात कोणी संगणक फोडलेला नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. कुलूप शाबूत होते. किल्ली ज्याच्या हातात असायला हवी त्याच्या हातात नव्हती, एवढेच.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे जातात, मग मत का जाऊ नये? आम्ही वर्षभर वाचनालयात यावर डोके घातले, आणि उत्तर अगदी पासबुकाइतके साधे निघाले. पैसे पाठवले की दोन्हीकडे नोंद होते. कोणी, कोणाला, किती, केव्हा. चूक झाली तर पासबुक दाखवून बँकेशी भांडता येते. मताचे पासबुक करता येत नाही. ‘अमक्याने तमक्याला मत दिले’ अशी नोंद राहिली की मुकादम ती मागणारच. म्हणून मताच्या बाबतीत यंत्रणेने दोन उलट गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात. हा माणूस खरा मतदार आहे हे ओळखायचे, आणि त्याने काय केले ते विसरायचे. त्यातही विसरल्यानंतर हिशेब चोख निघाला पाहिजे.

गुप्त मतदान ही आपण हवा-पाण्यासारखी नैसर्गिक वस्तू समजतो. ती तशी नाही. कामगारांनी मागून घेतलेली वस्तू आहे. इंग्लंडात पूर्वी मत सर्वांसमोर तोंडाने सांगावे लागे, आणि कोणी कोणाला मत दिले याच्या छापील वह्या विकत मिळत. जमीनदार आणि गिरणीमालक त्या वाचत, हे सांगायला नकोच. १८३८ साली तिथल्या कामगारांनी, ज्यांना चार्टिस्ट म्हणतात त्यांनी, सहा मागण्यांची सनद काढली. तिच्यात गुप्त मतदान ही एक मागणी होती. ती पदरात पडली १८७२ साली, चौतीस वर्षांनी. दरम्यान ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी १८५६ मध्येच बाजी मारली होती. १८७२ च्या ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्ट या गावी पोटनिवडणुकीत पहिल्यांदा पार्लमेंटसाठी गुप्त मतदान झाले. त्या गावात ज्येष्ठमधाच्या वड्यांचा कारखाना होता. मतपेटीला लाख लावल्यावर तीवर ठसा उमटवायला त्यांनी त्या वड्यांवरचाच शिक्का आणला. ती पेटी आणि ते शिक्के अजून जपून ठेवलेले आहेत. आम्हांला ही गोष्ट फार आवडते. गावातल्या पोरासोरांना ओळखता येईल असा ठसा होता तो. तो मोडला असता तर सांगायला तज्ज्ञ लागला नसता.

आणि आपल्या मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा. त्याची किंमत काय असेल? पण त्या आडोशामागे गेल्यावर मुकादम बाहेर राहतो, सासरा बाहेर राहतो, सावकार बाहेर राहतो. घेतलेली उचलसुद्धा बाहेर राहते. ऑनलाइन मतदानात तो आडोसा नसतो. घर हाच मतदान कक्ष होतो, आणि घर ज्याचे त्याची सत्ता तिथे चालते.

या अडचणीवर कोणी तोड काढली आहे काय? काढली आहे. युरोपात एस्टोनिया नावाचा देश आहे. लोकसंख्या तेरा-साडेतेरा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. १९९१ साली सोव्हिएत संघातून तो पुन्हा स्वतंत्र झाला. तिथे २००५ च्या स्थानिक निवडणुकीत प्रथम इंटरनेटवरून मतदान झाले. नऊ हजारांवर लोकांनी तसे मत दिले. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत तीन लाखांवर लोकांनी दिले, आणि ते निम्म्याहून थोडे अधिक भरले. तिथे प्रत्येक नागरिकाजवळ चिप असलेले ओळखपत्र असते आणि त्याचे दोन गुप्त आकडे असतात. एक ओळख पटवण्याचा, दुसरा सही करण्याचा. मत आधी एका बंद पाकिटात जाते. त्यावर दुसरे पाकीट, ज्यावर मतदाराची सही. मोजणीपूर्वी सहीचे पाकीट काढून टाकतात, आतली पाकिटे मिसळतात आणि मग उघडतात. ती उघडण्याची किल्ली तुकडे करून अनेकांकडे ठेवलेली असते. एकट्यादुकट्याला उघडता येत नाही. ही पाकिटे अर्थात कागदाची नव्हेत, आकड्यांची आहेत, पण टपाली मतदान पाहिलेल्याला रीत ओळखीची वाटेल. २०१३ पासून मतदार आपले मत पोहोचले की नाही हे थोड्या वेळात दुसऱ्या फोनवरून तपासूनही पाहू शकतो.

मुकादमावरची तोड त्यांनी अशी काढली, की मत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेवढे धरतात. शिवाय केंद्रावर जाऊन कागदावर मत दिले की ऑनलाइनचे रद्द होते. २०२१ पासून हे मुख्य दिवशीही करता येते. म्हणजे कोणी मानगुटीवर बसून मत द्यायला लावले, तरी तो गेल्यावर माणूस ते फिरवू शकतो. युक्ती अस्सल आहे. कामगाराच्या बुद्धीतून निघाल्यासारखी आहे.

पण ती आमच्या सत्तावन जणांना लावून पाहा. फोन टोपलीत आणि सिम कंत्राटदाराचे. फिरवायला माणसाच्या हाती काय राहिले? केंद्रावर जाऊन कागदी मत द्यायचे, तर केंद्र तीनशे किलोमीटरवर गावी! एस्टोनियाची युक्ती चालते ती तिथल्या माणसाच्या खिशात त्याचे स्वतःचे कार्ड असते म्हणून, आणि केंद्र हाकेच्या अंतरावर असते म्हणून. जो लाभ आपल्याला हवा आहे तो नेमका याच्या उलट परिस्थितीतल्या माणसासाठी हवा आहे.

एस्टोनियातही सगळे गोड झाले असे नाही. २०१७ साली त्यांच्या कार्डातील चिपमध्ये दोष निघाला, सुमारे साडेसात लाख कार्डे त्यात सापडली आणि नोव्हेंबरात त्यांचे दाखले स्थगित करावे लागले. ऑक्टोबरची निवडणूक मात्र तत्पूर्वी पार पडली होती. गैरवापर झाल्याचे आढळले नाही. त्या सरकारने दोष जाहीर केला हे आम्ही त्यांच्या बाजूला जमा धरतो. आपल्याकडे काय झाले असते याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने २०१० साली असे मतदान सुरू करण्यापूर्वी लोकांना आव्हान दिले, की आमची यंत्रणा फोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हॉल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी अठ्ठेचाळीस तासांच्या आत ती ताब्यात घेतली. सगळी मते बदलून त्यांनी कादंबऱ्या-सिनेमांतले यंत्रमानव निवडून आणले, आणि मत दिल्यावर मतदाराला आपल्या विद्यापीठाचे गाणे ऐकू येईल अशी व्यवस्था केली. इतके करूनही अधिकाऱ्यांना पत्ता लागायला दोन दिवस गेले. गाणे वाजवले म्हणून तरी कळले! चोर गाणे वाजवत नाही. तरीही त्या शहराचे आम्ही कौतुक करू, की त्यांनी निवडणुकीआधी परीक्षा घेतली आणि नापास झाल्यावर बेत सोडला. आम्ही परीक्षाच घेतली नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०११ पासून अशी सोय होती. मुळात अंध मतदारांना दुसऱ्याच्या हाताशिवाय मत देता यावे हा तिचा हेतू, आणि तो उदात्त हेतू आहे. २०२१ च्या डिसेंबरात तिच्यावर ताण पडला आणि कितीतरी लोकांना मतच देता आले नाही. तीन ठिकाणचे निकाल न्यायालयाने रद्द केले आणि तिथे फेरमतदान झाले. नॉर्वेने २०११ आणि २०१३ असे दोन प्रयोग केले आणि २०१४ मध्ये थांबवले. मतदान वाढले नाही, आणि आपले मत उघड होईल ही भीती मात्र लोकांत दिसली. मतदान वाढते या समजुतीबद्दल तर एस्टोनियाचेच आकडे बोलतात. २०१९ मध्ये ऑनलाइनचा वाटा सुमारे चव्वेचाळीस टक्के होता, २०२३ मध्ये एक्कावन्न झाला. पण एकूण मतदान तेव्हा ६३.७ टक्के होते आणि आता ६३.५. जे चालत जात होते ते बसून देऊ लागले.

मास्तरांचा प्रश्न मात्र आम्हांला या सगळ्या पुस्तकांत एकाच ठिकाणी जसाच्या तसा भेटला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ च्या मार्चमध्ये निकाल दिला. तो इंटरनेटबद्दल नव्हता, २००५ च्या निवडणुकीत वापरलेल्या मतदान यंत्रांबद्दल होता. न्यायालय म्हणाले, निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय, पडताळून पाहता आले पाहिजेत. ती यंत्रे या कसोटीला उतरत नाहीत. तज्ज्ञाला पटले एवढ्याने भागत नाही. टूलरूममधल्या माणसाला पटले पाहिजे, आणि त्यातही हरलेल्याला. जिंकलेल्याला काय, कोणतीही यंत्रणा पटते. आम्हांला पटली होती. एस्टोनियात २०२३ च्या मोजणीत कागदी मतांत पुढे असलेला एक पक्ष ऑनलाइन मते धरल्यावर मागे पडला, तो न्यायालयात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. कायद्याने प्रश्न मिटला. त्या पक्षाच्या मतदारांच्या मनातला मिटला असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या देशात गुजरातने २०१० साली काही महापालिकांत हा प्रयोग केला होता. २०२५ च्या जूनमध्ये बिहारच्या राज्य निवडणूक आयोगाने नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाईलवरून मतदान करवले. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि बाहेरगावी गेलेले मजूर यांच्यासाठी. चेहऱ्याची जुळवणी केली आणि एका क्रमांकावरून दोनच मतदारांना परवानगी दिली. दोनच का, याचे आम्हांला हसू आले नाही; टोपली त्यांनाही दिसली असावी. पण नवरा-बायको मिळून दोनच होतात, आणि फोन बहुधा एकाच्याच हातात असतो.

कोणी म्हणेल, मग तुम्ही विरोधक झालात. नाही. आमचे मत असे आहे, की अंथरुणावरच्या म्हातारीला, अंधाला, बोटीवरच्या खलाशाला ही सोय द्यावी. मोजक्यांना, आणि हवे तेव्हा कागदाकडे परत येता येईल अशी. पण फडातल्या माणसाचे निमित्त करून फोन पुढे करू नये. त्याच्यासाठी साखर कारखान्याच्या गावी मतदान केंद्र न्यावे, आडोशासह, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसह. त्याला खर्च येईल. येऊ द्या. उसाच्या वजनाचा काटा न्यायला जिथे रस्ता आहे, तिथे मतपेटी न्यायलाही आहे.

आमच्या युनियनची पुढची निवडणूक येत्या ऑगस्टमध्ये आहे. कागदावर होईल. कंत्राटी सभासदांसाठी त्यांच्या खोल्यांपासून शंभर पावलांवर वेगळी पेटी ठेवणार आहोत आणि मुकादमाला त्या दिवशी त्या गल्लीत बंदी राहील. मास्तर आता निवृत्त झाले आहेत. निवडणूक अधिकारी म्हणून बसाल का, असे पत्र आम्ही त्यांना धाडले होते. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. दोन ओळी आहेत. कुलूप मी घरून आणीन आणि किल्ली माझ्याकडे राहील, हे मान्य असेल तर येतो. आम्ही मान्य असल्याचे कळवले आहे.